उरलेला शिंपला

“आकडा सांगू नका, बाई!” भिवा तारी घाईघाईने म्हणाला, आणि सरपोतदारबाईंच्या हातातल्या यादीकडे त्याने चक्क पाठ फिरवली.

“अहो, मग किती माणसं तुमच्या ताब्यात देतेय ते तुम्हाला कळणार कसं?”

“कळणार. पण हयसर नको. खाडीच्या काठावर माणसं मोजायची नाहीत. खाडी ऐकते.”

“खाडीला कान असत्यात व्हय?” घोरपड्यांनी विचारलं.

“तोंड आहे, मग कान का नसावेत?” मी म्हणालो, आणि सगळे हसले. त्या काळी मी काहीही म्हणालो तरी सगळे हसायचे. अशाने हसणाऱ्यांचं काही बिघडत नाही, हसवणाऱ्याचं बिघडतं.

आडबंदरच्या जुन्या धक्क्यावर आम्ही उभे होतो. आम्ही म्हणजे कोल्हापूरचं रविवार पायपीट मंडळ. नाव ऐकून दणकट तरुण पोरं डोळ्यांसमोर येतात, पण आमच्यात पेन्शन नसलेला एकही माणूस नव्हता. सरपोतदारबाई निवृत्त मुख्याध्यापिका आणि मंडळाच्या चिटणीस. घोरपडे निवृत्त फौजदार. मी परचुरे, पोस्टातून सुटलेला, आणि मंडळाचा अधिकृत विनोदी माणूस. प्रत्येक सहलीचा वृत्तान्त मी लिहायचा आणि पुढच्या बैठकीत चहाबरोबर वाचायचा, असा शिरस्ता होता. या एका सहलीचा तेवढा राहून गेला. त्याला बावीस वर्षं झाली. बाकीच्या दहा जणांची नावं सांगत नाही; त्यांचा या प्रकरणात काही दोष नाही.

भिवा पन्नाशीचा होता. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल, आणि पायांची बोटं पंख्यासारखी पसरलेली. या धक्क्यावरून पलीकडे माणसं नेणारी होडी, म्हणजे तर, त्याच्या घराण्याने तीन पिढ्या चालवली होती. मग सात किलोमीटर वर पूल झाला. ती तर आता फणसाखाली पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. म्हणून भिवाने नवा उद्योग काढला होता. आलेल्या मंडळींना त्यांच्याच बसने पुलावरून पलीकडे न्यायचं, भूतनाथाचा डोंगर चढवायचा, देवळात जेवू घालायचं, दुसऱ्या अंगाने उतरवायचं आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या खाडीतून चालवत याच धक्क्यावर परत आणायचं. बस तोवर इथे येऊन थांबायची.

“मग मोजणार कसं?” बाईंनी पुन्हा विचारलं. उत्तर मिळेपर्यंत प्रश्न न सोडण्याची त्यांची चाळीस वर्षांची सवय.

भिवाने कापडी पिशवी पुढे केली. “प्रत्येकानं एक शिंपला उचलायचा आणि ह्यात टाकायचा. संध्याकाळी परत आलो की प्रत्येकानं एक काढायचा आणि पाण्यात फेकायचा. पिशवी रिकामी झाली की सगळे आले. शिंपला उरला की माणूस मागे राहिला. माझा आजा असंच करायचा. तीन पिढ्यांत माणूस नाही हरवलेला.”

“आणि शिंपला?” मी विचारलं.

“तो पण नाही,” भिवा म्हणाला. विनोद त्याच्यापर्यंत पोचला नव्हता, किंवा पोचून परत गेला होता.

धक्क्याखाली शिंपल्यांचा खच होता. एकेक जण वाकून उचलत होता, पिशवीत टाकत होता. बायकांनी रंग बघून निवडले. घोरपड्यांनी तळहाताएवढा उचलला आणि तो पिशवीच्या तोंडातून जाईना. माझी पाळी आली तेव्हा मी दोन टाकले.

का टाकले याला उत्तर नाही. ‘रंग ओला आहे’ अशी पाटी वाचल्यावर बोट लावून बघणारी जी माणसं असतात, त्यांतला मी. शिवाय दिवसाच्या शेवटी जरा गंमत होईल, वृत्तान्ताला शेवट मिळेल, एवढाच विचार. कुणाला दिसलं नाही. पोस्टात चाळीस वर्षं शिक्के मारलेला हात, त्याला सफाई असते.

डोंगर चढताना बाकीचे मागे रेंगाळले आणि भिवा माझ्या बरोबरीने चालू लागला. खरं तर मी धापा टाकत होतो आणि तो माझ्यासाठी हळू चालत होता, पण तसं दाखवत नव्हता. काजूच्या बागेतून जाताना त्याने वाळक्या पानांवर पाय न ठेवता कसं चालायचं ते दाखवलं. वर जांभ्या दगडाच्या सड्यावर आलो तशी सगळी खाडी खाली पसरलेली दिसली: अलीकडे एक बारीक पाट, मध्ये वाळूचं लांबट बेट आणि त्याच्यावर तिवरांची गर्द झाडी, पलीकडे रुंद पाट, आणि त्याच्याही पलीकडे आमची बस, काड्यापेटीएवढी.

“आज द्वादस,” भिवा बोटांची पेरं मोजत म्हणाला. “बाराचे पाऊणपट नऊ. रात्री नऊला पुरी भरती. म्हणजे सुकती, पुरी ओहोटी, तीनला. साडेचारनंतर मात्र त्या रुंद पाटात पाय घालायचा नाही. पाणी चालत नाही येत हो तिथं, धावत येतं.”

“आणि तुमचा हिशोब चुकला तर?”

“तर मी गोव्याला,” तो हसून म्हणाला.

मी विचारलं, गोव्याचं काय? तेव्हा त्याने सांगितलं. मेव्हण्याने त्याला तिकडे एका हॉटेलात वॉचमनची जागा बघून ठेवली होती. वर्दी, टोपी, शिट्टी. उद्या सोमवारी हो की नाही कळवायचं होतं.

“जायचं मनात आहे?”

“सायब, मी रात्रीचो बिछान्यात पडलंय तरी माका पाणी चढता काय उतारता ता समजता,” भिवा म्हणाला. मनातलं बोलायला लागला की त्याची शुद्ध भाषा सुटायची. “थयसर गेटावर बसान काय करू? पण घरात खाणारी तोंडां आसत. तुमच्या बाईंका आजचा आवडला, त्येनी रविवार दिले, तर नाय म्हणान कळवीन.”

देवळात भाकरी, कुळथाची पिठी आणि सुक्या जवळ्याची चटणी असा बेत होता. आमच्यातल्या शाकाहारी लोकांनी चटणी कसली आहे हे न विचारता दोनदा घेतली. जेवण झाल्यावर बाई माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, “परचुरे, माणूस चोख आहे. आपले आणि माझ्या ओळखीच्या दोन ग्रुपचे मिळून शिमग्यापर्यंतचे सगळे रविवार यालाच द्यायचे ठरवलंय मी.”

“मग सांगा ना त्याला. जीव भांड्यात पडेल बिचाऱ्याचा.”

“खाली पोचल्यावर. आधी सांगितलं की माणसं ढिली पडतात.”

मुख्याध्यापिका निवृत्त होते, शाळा होत नाही.

अडीचला उतरायला लागायचं ठरलं होतं. पण घोरपडे म्हणाले, “परचुरे, एक होऊन जाऊ द्या की,” आणि मी सुरू झालो. या डोंगरावर येणाऱ्या प्रत्येक जथ्यात भूतनाथ गुपचूप सामील होतो, सगळ्यांच्या मागून चालतो, भाकरी मोजून खातो, आणि खाली पोचल्यावरच कळतं की एक माणूस जास्तीचा होता, असं काहीतरी. तिथल्या तिथे रचलेलं. संध्याकाळच्या शिंपल्याची ती पेरणी होती. दहा मिनिटांची गोष्ट मी चाळीस मिनिटं लांबवली. घोरपड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भिवाही तोंडावर टॉवेल धरून हसत होता, पण दर थोड्या वेळाने उठून खाडीकडे बघून येत होता. दोनदा त्याने “चला आता” म्हटलं. दोनदा मी हात वर करून त्याला थांबवलं.

त्यामुळे खाडीत उतरायला सव्वाचार वाजले. पहिल्या पाटात घोट्याएवढं पाणी. वाळूच्या बेटावर भिवाने आम्हाला जवळजवळ पळवलं. तिवरांच्या कडेने जाताना तो सारखा मागे वळून बघत होता. रुंद पाटात पाणी मांडीला लागलं आणि ते उलट्या दिशेने वाहत होतं, समुद्राकडून आत. बाईंचा हात त्याने धक्का येईपर्यंत सोडला नाही. धक्क्यावर चढलो तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. सगळे कमरेपर्यंत भिजलेले आणि शाळेच्या सहलीला आल्यासारखे खूश.

भिवाने पिशवी धरली. एकेकाने शिंपला काढला आणि पाण्यात भिरकावला. घोरपड्यांनी आपला तळहाताएवढा शोधून काढला. मी सर्वांत शेवटी एक काढला आणि फेकला. भिवाने पिशवी तळहातावर उलटी केली.

एक शिंपला पडला. पांढरा, छोटा.

माझं वाक्य तयार होतं. ‘हा भूतनाथाचा!’ पण विनोदाच्या आधी क्षणभर थांबावं लागतं. सगळ्यांची नजर तिकडे वळली पाहिजे, शांतता झाली पाहिजे. मी थांबलो. भिवा त्या शिंपल्याकडे बघत होता. त्याचा चेहरा असा उतरला की मी आणखी थोडा थांबलो. तेवढ्यात त्याने पिशवी टाकली, डोक्याचा टॉवेल काढून कमरेला आवळला.

“एक माणूस मागे रवलो,” तो म्हणाला. “तुमी सगळी हयसर बसा. कोण पाण्यात उतरू नकात.”

आणि तो उतरला.

“अहो भिवा, थांबा!” मी ओरडलो. तो दहा पावलांवर होता, पाणी त्याच्या कमरेला होतं. त्याने वळून माझ्याकडे बघितलंही. त्या वेळी ‘मी दोन टाकले होते’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द चार. पण माझ्या शेजारी बाई उभ्या होत्या, घोरपडे उभे होते, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखेच. मी म्हणालो, “जपून!”

त्याने हात हलवला आणि तो पोहायला लागला.

“कोण राहिलं?” बाईंनी आपल्या पर्समधून यादी काढली. नावं वाचली, प्रत्येकाने ओ दिली. तेरा. पुन्हा वाचली. तेरा. यादीतही तेराच. “अहो, सगळे आहेत! कुणीच राहिलेलं नाही! बोलवा त्याला!”

मग सगळेच ओरडू लागलो. भिवा बेटावर चढला होता. वारा समुद्राकडून आमच्या तोंडावर येत होता, आमचा आवाज आमच्याच मागे बसवर जाऊन आदळत होता. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. घोरपड्यांनी शर्ट काढून फडकवला. भिवाने एकदा आमच्याकडे बघितलं आणि लांबूनच हाताने ‘शोधतो, शोधतो’ अशी खूण केली. आम्ही घाबरून घाई करतोय असं त्याला वाटलं असणार. तो तिवरांत शिरला. त्याची हाक मात्र वाऱ्याबरोबर स्वच्छ ऐकू येत होती. “ओ पाव्हण्यांनू! खय आसास? ओ द्या!”

सर्वांत मोठ्याने मी ओरडत होतो. घसा फुटेपर्यंत. “भिवा, परत ये!” पाण्यात पडेन इतका मी कडेला गेलो होतो, घोरपड्यांनी मला मागे ओढलं. “परचुरे, लई जीव लावलासा हो त्या माणसाला,” ते म्हणाले.

बेट बघता बघता अरुंद होत गेलं. आधी वाळूची कड गेली, मग मधला भाग, मग नुसती तिवरं पाण्यात उभी राहिली. हाक ऐकू येत राहिली, पण दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून. साडेपाचच्या सुमाराला ती थांबली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एक बाई हळूच रडू लागल्या. घोरपडे पाण्यात उतरायला निघाले तेव्हा ड्रायव्हरने त्यांना मिठी मारून धरलं.

सहाच्या आसपास भिवा दिसला. प्रवाहाने त्याला पुष्कळ वर नेलं होतं. काठच्या खडकांना धरत, गुडघ्यांवर रांगत तो येत होता. ड्रायव्हर आणि घोरपडे धावले, दोन्ही बाजूंनी धरून त्याला धक्क्यावर आणलं. खडकांवर कालवं असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. त्याच्या पसरट पायांच्या तळव्यांची चाळण झाली होती. अंग थडथडत होतं. त्याने आमच्यापैकी कुणाकडेही नीट बघितलं नाही. बाईंच्या पायांशी बसला आणि म्हणाला, “गावलो नाय, बाई. सगळी तिवरां बगलंय. हाक मारलंय. माका गावलो नाय ओ…” आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

“कोण गावायचं होतं?” बाई ओरडल्या. त्या घाबरल्या होत्या आणि घाबरल्या की त्यांना रागावणं एवढंच येत असे. “कुणी राहिलंच नव्हतं! तेरा आलो, तेरा परत आलो! यादी समोर धरली होती सकाळी, तर तोंड फिरवलंत! म्हणे खाडी ऐकते!”

भिवा रडता रडता थांबला. त्याने वर बघितलं. एकेका तोंडावरून नजर फिरवली. “सगळी आसास?”

“सगळे!”

त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी अजून कुठे बघितलेलं नाही. त्याला आनंद झाला होता. पाय रक्ताळलेले, ओठ निळे, आणि तो हसत होता. “बरां झालां,” तो म्हणाला. “देवा, बरां झालां.” मग हळूहळू त्याच्या कपाळाला आठी पडली. “पण मगे शिंपलो कसो उरलो?”

“तेच विचारतेय मी,” बाई आमच्याकडे वळल्या. वर्गाकडे वळावं तशा. “कुणी चुकून दोन टाकले होते का सकाळी? असतील तर आत्ता सांगा.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. घोरपड्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, “माझा एकच होता, तोबी जात नव्हता.” कुणी हसलं नाही. माझा हात वर जायला निघाला होता. तो चष्म्यापर्यंत गेला, चष्मा सारखा केला, आणि खाली आला. मला वाटलं, इतके सगळे चिडलेत, जरा शांत होऊ देत. बसमध्ये बसल्यावर बाईंना बाजूला घेऊन सांगू. नाहीतर उद्या. पत्र लिहून सांगितलं तर जास्त नीट सांगता येईल. मी पोस्टातला माणूस; पत्रावर माझा विश्वास.

“म्हणजे तुमचंच चुकलं,” बाई भिवाला म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता आणि तो जास्त कठीण होता. “खाली उतरल्यावर तुम्हाला सांगणार होते मी, की शिमग्यापर्यंतचे सगळे रविवार तुमचे. आता नाही सांगता यायचं. तेरा म्हाताऱ्या माणसांची जबाबदारी आहे माझ्यावर. उद्या उलटं झालं, माणूस राहिला आणि तुम्हाला सगळे आल्यासारखे वाटले, तर?”

भिवा ऐकत होता. मान हलवत होता. “बरोबर आसा, बाई,” तो म्हणाला. “माजाच चुकलां. टाकताना माजी नजर खयतरी गेली आसतली. आज्यान कधी चूक केल्यान नाय, बापाशीन केल्यान नाय. माज्या हातसून झाली.” त्याने स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघितले, जणू ते नवीन आले होते. “ज्याका माणसां मोजूक येनत नाय, तेना वाट दाखवची नाय.”

मंडळी बसमध्ये चढली. ड्रायव्हरने औषधाच्या पेटीतून पट्ट्या दिल्या, त्या भिवाने घेतल्या, पण पायांना टॉवेलच गुंडाळला. मी खिडकीशी बसलो होतो. इंजिन सुरू झालं, पण बस वळवायला जागा कमी होती आणि ड्रायव्हर खाली उतरून मागचे दगड बाजूला करत होता. भिवा लंगडत माझ्या खिडकीखाली आला. वेळ भरपूर होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. बाई पुढे, पाठ करून बसल्या होत्या.

“सायब,” तो हळू आवाजात म्हणाला, “उद्या मेवण्याक कळवतंय. जातंय गोव्याक.”

मी खिडकीचा गज धरला.

“आज सगळी बोलली माका. बोलूकच व्हयी, चूक तशीच झाली. पण तुमी तेवढे काय्येक बोललास नाय. आणि हाक तुमीच मारीत हुतास, माका मगे त्या फौजदारान सांगितल्यान.” त्याने खिडकीच्या गजावरच्या माझ्या हातावर हात ठेवला. तो अजून गार होता. “देव तुमचा बरा करो.”

दगड बाजूला झाले. ड्रायव्हर चढला. काहीतरी बोलणं भाग होतं, तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

“असू दे, भिवा,” मी म्हणालो. “होतं असं. मनाला लावून घेऊ नको.”

अशा रीतीने मी भिवा तारीला माफ केलं. त्याने हात जोडले, आणि बस वळून दिसेनाशी होईपर्यंत ते तसेच जोडलेले होते.